दोन प्रीअँप, एक आवाज : आपल्या मंडपातील मोनो ध्वनी

(उत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत वर्गणी, प्रसादाच्या पाळ्या, आरतीच्या वेळा आणि विसर्जनाचा मार्ग एवढे विषय होतात. आवाजाचा विषय शेवटी 'साउंडवाल्याला सांगून टाका' या एका वाक्यात संपतो. या वर्षी अध्यक्षांनी त्यावर सविस्तर बोलायला सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार. आम्ही राज्य सरकारचे नोकर, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेपर्यंतचे. दिवसा फायली आणि सुटीच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न, असा आमचा दिनक्रम. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. हातांनी केलेले आणि कानांनी ऐकलेले तेवढे सांगतो.

बडोद्यात अशा विषयावर बोलताना संकोच वाटायचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1886 साली याच शहरात गायनशाळा काढली आणि मौलाबक्षांच्या हाती दिली. 1890 साली कलाभवन काढले आणि तंत्रविद्येचे दार सामान्य घरातल्या मुलांना उघडले. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. 1916 साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. गाणे आणि यंत्र या दोघांना या गावाने चार वर्षांच्या अंतराने घरात घेतले. आजचा आपला विषय त्या दोघांच्या मधला आहे.

आता मुद्द्यावर येतो. कीर्तनाच्या दिवशी आपल्याकडे काय असते ते पाहा. बुवांच्या अंगावर कॉलर माइक, त्याचा रिसीव्हर व्यासपीठामागे. हा झाला एक प्रीअँप. पेटी आणि तबल्याचे माइक एका लहान मिक्सरला जोडलेले. हा झाला दुसरा. प्रीअँपचे काम साधे असते. माइकमधून काही मिलिव्होल्टचा नाजूक प्रवाह येतो, त्याला तो पाव-अर्ध्या व्होल्टपर्यंत वर आणतो, म्हणजे पुढच्या मोठ्या अँप्लिफायरला तो नीट पेलता येतो. आपल्या जुन्या मोनो अँप्लिफायरला माइकची भोके चार आहेत, पण अशा वाढवलेल्या सिग्नलसाठी 'ऑक्झिलरी'चे भोक एकच. माइकच्या भोकात प्रीअँपचे आउटपुट घातले, तर ज्याला काही मिलिव्होल्टची सवय आहे त्याच्या तोंडात तीनशे मिलिव्होल्ट जातात आणि आवाज फाटतो. मग दोन आउटपुट आणि एक भोक, हे कोडे सोडवायचे कसे?

बहुतेक ठिकाणी ते असे सोडवतात : बाजारातून वाय आकाराची वायर आणायची, दोन टोके दोन प्रीअँपना आणि तिसरे अँप्लिफायरला. आवाज येतो, म्हणून सगळे खूश. पण तो दबका येतो. पेटीचा आवाज वाढवला की बुवा मागे जातात, आणि बुवा जोरात बोलले की शब्द खरखरतो. हे का होते, ते समजून घेऊ.

आपल्या बडोद्यात घरोघर झोपाळा असतो. एकाच झोपाळ्याला दोन धिप्पाड माणसांनी दोन बाजूंनी घट्ट धरले आहे अशी कल्पना करा. एक म्हणतो पुढे, दुसरा म्हणतो मागे. झोपाळा कोणाचेच ऐकत नाही आणि दोघांचे दंड दुखतात. प्रीअँपचे आउटपुट या धिप्पाड माणसासारखे असते. त्याचा अंतर्गत रोध मुद्दाम कमी ठेवलेला असतो, साधारण शंभर ते हजार ओहम, म्हणजे पुढे काहीही जोडले तरी त्याने आपला व्होल्टेज सोडू नये. दोन आउटपुट थेट जोडली की प्रत्येकजण दुसऱ्याला आपल्या व्होल्टेजवर ओढू पाहतो. समजा, दोघांचा रोध शंभर-शंभर ओहम आहे आणि एखाद्या क्षणी त्यांच्यात एक व्होल्टचा फरक आहे. तर अँप्लिफायरला जे काम करायचे ते राहते बाजूला आणि पाच मिलिअँपिअर प्रवाह एका प्रीअँपमधून निघून दुसऱ्यात शिरतो. लहानशा आयसीला हा भार जड जातो. तिथे आवाज फाटतो, आणि रोज असे झाले तर आउटपुटचे आयुष्य कमी होते.

उपाय झोपाळ्यावरच पाहा. त्या दोघांनी झोपाळा हाताने धरण्याऐवजी मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा एकेक तुकडा बांधला, तर? आता दोघे आपापल्या लयीत ओढू शकतात आणि झोपाळा दोघांच्या मधली चाल धरतो. विजेच्या भाषेत ट्यूबचा तुकडा म्हणजे रेझिस्टर. प्रत्येक आउटपुटच्या मध्यतारेत दहा किलोओहमचा एक रेझिस्टर घालायचा, दोन्ही रेझिस्टरांची पुढची टोके एकत्र जोडायची आणि त्या जोडावरून एक तार अँप्लिफायरला न्यायची. दोन्हीकडची अर्थिंगची जाळी तशीच एकमेकींना जोडायची, तिच्यात रेझिस्टर नाही. मघाचा एक व्होल्टचा फरक आता वीस हजार ओहमांतून जातो. प्रवाह पाच मिलिअँपिअरवरून एकविसांश नव्हे, थेट शंभरावा हिस्सा होतो. कोणी कोणाला ओढत नाही.

हे फुकट मिळत नाही. अँप्लिफायरच्या इनपुटचा रोध 47 किलोओहम धरला, तर प्रत्येक प्रीअँपचा सिग्नल त्या जोडावर निम्म्यापेक्षा थोडा कमी पोचतो, सुमारे 45 टक्के. डेसिबलमध्ये सांगायचे तर सात डेसिबल गेले. अँप्लिफायरचे बटण थोडे पुढे केले की ते भरून निघतात. हा तोटा ज्यांना नको त्यांनी रेझिस्टरांच्या जोडापुढे ऑप-अँप आयसी लावावा. टीएल 072 किंवा एनई 5532 हे दोन्ही बाजारात सहज मिळतात. दोन इनपुट रेझिस्टर दहा-दहा किलोओहमचे आणि आउटपुटवरून इनपुटकडे परत आणलेला तिसराही दहाचाच. अशा जुळणीत तो जोड जणू अर्थला टेकलेला राहतो, त्यामुळे एका प्रीअँपला दुसऱ्याची चाहूलही लागत नाही आणि सिग्नल पुरा मिळतो. फक्त तो उलटा होऊन बाहेर येतो. उलटा म्हणजे काय, आणि ते केव्हा महत्त्वाचे ठरते, ते पुढे सांगतो.

डबी बनवणाऱ्या मुलांसाठी तीन सूचना. पहिली, डबी पत्र्याची घ्या, प्लास्टिकची नको, आणि पत्रा अर्थला जोडा. दुसरी, डबी अँप्लिफायरजवळ ठेवा, व्यासपीठाजवळ नको. रेझिस्टरांनंतर वीस मीटर शिल्डेड वायर ओढली, तर वायरची स्वतःची कपॅसिटी आणि हे रेझिस्टर मिळून वरचे सूर खाऊ लागतात. 'स' आणि 'श' यांची धार जाते. डबीच्या अलीकडची वायर लांब असली तरी चालते, कारण तिथे प्रीअँपचा जोर मागे असतो. तिसरी, ही डबी प्रीअँपसाठीच आहे. दोन पॉवर अँप्लिफायरांची स्पीकरकडे जाणारी टोके कधीही एकत्र करू नका. तिथे रेझिस्टर जळेल आणि अँप्लिफायरही. ज्या माइक इनपुटवर 48 व्होल्टचा फँटम सप्लाय चालू आहे, तिथेही डबी लावू नका.

आता कोणी म्हणेल, घरच्या टीव्हीला स्टिरिओ आहे, मोबाइलला स्टिरिओ आहे, आणि तुम्ही आम्हाला मोनोकडे परत का नेता? कारण मंडप म्हणजे दिवाणखाना नव्हे. स्टिरिओचे पेटंट ॲलन ब्लमलिन या इंग्रज इंजिनिअरने 1931 साली मागितले, आणि त्यात गृहीत हे की ऐकणारा दोन स्पीकरांच्या मधोमध आहे. आपल्या मंडपात डावीकडे भगिनी बसतात, उजवीकडे पुरुष, मध्ये वाट, आणि मागे खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी. डाव्या स्पीकरला तबला आणि उजव्याला पेटी दिली, तर अर्ध्या मंडपाला ताल आणि अर्ध्याला सूर मिळेल. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला अशी वाटणी पुष्कळदा असते. ती घरी ऐकायला मौजेची असली तरी मंडपात ज्या बाजूला गायक नाही ती बाजू उपाशी राहते. आणि मोनोला कमी लेखू नका. फैयाज खाँसाहेब या शहराचे दरबारगायक. 1950 साली इथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ज्या तबकड्या आपण आजही कान टवकारून ऐकतो, त्या सगळ्या मोनोच आहेत.

आता त्या 'उलट्या'ची गोष्ट. शहरातल्याच एका उत्सवात आरतीच्या वेळी लॅपटॉपवरून रेकॉर्ड लावली. टाळ ऐकू येत होते, मागचा घुमारा ऐकू येत होता, आणि गायिकेचा आवाज मात्र गायब. साउंडवाला म्हणाला, फाइल खराब आहे. फाइल बदलली, तरी तेच. लोक टाळ्यांवर आरती म्हणून मोकळे झाले. फाइलमध्ये काही दोष नव्हता. तो एका वायरचा होता. लॅपटॉपच्या जॅकला तीन भाग असतात : टोकाला डावा चॅनल, मधल्या कड्याला उजवा आणि मुळाशी अर्थ. मिक्सरच्या बॅलन्स्ड माइक इनपुटलाही तीनच भाग असतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. तिथे दुसऱ्या पिनवर सरळ सिग्नल अपेक्षित असतो आणि तिसऱ्या पिनवर तोच सिग्नल उलटा. मिक्सर एकातून दुसरा वजा करतो. वाटेत वायरने उचललेली खरखर दोन्हीकडे सारखी असल्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते. व्यवस्था उत्तम आहे. पण तीन भाग जुळतात म्हणून कोणी लॅपटॉपचा डावा चॅनल दुसऱ्या पिनला आणि उजवा तिसऱ्या पिनला जोडला, तर मिक्सर इमानदारीने डाव्यातून उजवा वजा करतो. मुख्य गायिकेचा आवाज दोन्हीकडे अगदी सारखा रेकॉर्ड केलेला असतो, म्हणून तोच शून्य होतो. दोन्हीकडे वेगळी असलेली वाद्ये आणि घुमारा तेवढा उरतो. मंडपात आरती चालू असते आणि आरती म्हणणारीच हरवते.

लॅपटॉपसाठीही आपली तीच डबी वापरायची. डावा आणि उजवा, प्रत्येकी एक रेझिस्टर, मग जोड, आणि तिथून एक तार ऑक्झिलरीला. वजाबाकीची बेरीज होते आणि गायिका परत येते.

हाच प्रकार माइकच्या बाबतीतही घडतो. एखाद्या वायरीत दुसरी आणि तिसरी पिन अदलाबदल करून झाळली असेल, तर तो माइक उलटा बोलतो. एकटा ऐकला तर कानाला काही कळत नाही. दुसऱ्या माइकबरोबर एकत्र केला की दोघे एकमेकांना खाऊ लागतात, आणि आवाज पातळ, पोकळ होतो. म्हणून एक परीक्षा ठरवून घ्या. दोन्ही माइक शेजारी शेजारी धरा. पहिला एकटा चालू करून बोला. दुसरा एकटा चालू करून बोला. मग दोन्ही चालू करा. आवाज भरला तर वायरी ठीक. आवाज आक्रसला तर एक वायर उलटी आहे. तिच्यावर लाल पट्टी लावा आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी बाजूला काढा.

वायरी बरोबर असूनही अंतरामुळे थोडे असेच होते. अथर्वशीर्षाच्या सामूहिक पठणाला आपण दोन माइक ठेवतो. एका भगिनीचा आवाज जवळच्या माइकला आधी पोचतो आणि लांबच्याला नंतर. अंतरातला फरक सुमारे 34 सेंटिमीटर असला, तर आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही एकत्र केल्यावर पाचशे, दीड हजार, अडीच हजार हर्ट्झ अशा ठरावीक सुरांवर खड्डे पडतात. आवाज नळीतून आल्यासारखा वाटतो. यावर अनुभवी मंडळींचा ठोकताळा असा : तोंडापासून माइकचे जे अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा. तेवढी जागा नसेल तर दोनाऐवजी एकच माइक ठेवा आणि भगिनींना अर्धवर्तुळात बसवा. पठण जास्त स्पष्ट ऐकू येईल.

आपल्या मंडळाच्या कपाटात जुन्या कीर्तनांच्या आणि व्याख्यानांच्या कॅसेट आहेत. त्या संगणकात उतरवण्याचे काम तरुणांनी मनावर घेतले आहे, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. त्या बहुतेक मोनोच भरलेल्या आहेत, पण स्टिरिओ डेकवर वाजवल्या की त्या दोन आउटपुट देतात. ती दोन्ही एकत्र करण्याचा मोह होईल. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते, त्यामुळे दहा हजार हर्ट्झची एक लाट फितीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागा घेते. डेकचा हेड केसाइतका जरी तिरका असला, तरी एक चॅनल दुसऱ्याच्या मागे पडतो आणि एकत्र करताना वरचे सूर नाहीसे होतात. म्हणून आधी मोनोमध्ये ऐकत हेडचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवा. 'स' सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. तरीही जमले नाही तर दोनांपैकी जो चॅनल चांगला आहे तेवढाच घ्या. बुवांचा आवाज पुन्हा भरता येणार नाही, तेव्हा घाई करू नका.

आता या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती नीट ऐका, बाकीचे विसरलात तरी चालेल. दोन यंत्रे एकत्र जोडली की पुष्कळदा स्पीकरमधून 'हम्म' असा घुमणारा आवाज येतो. दोन यंत्रे दोन वेगळ्या सॉकेटांतून वीज घेतात, दोघांचे अर्थ वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जातात, आणि आपल्या ऑडिओ वायरच्या जाळीमुळे त्या वाटांचे एक कडे पूर्ण होते. त्या कड्यातून पन्नास हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो ऐकू येतो. यावर एक झटपट उपाय सर्रास केला जातो : पक्कड घ्यायची आणि प्लगची अर्थची मोठी पिन तोडायची, किंवा आतली हिरवी वायर काढून ठेवायची. घुमणे थांबते, आणि करणारा शाबासकी मिळवतो.

मित्रहो, हे आपल्या मंडपात कोणीही करायचे नाही. भाद्रपद म्हणजे पावसाचे दिवस. ताडपत्री गळते, गवत ओले असते, सतरंजी ओली असते. अँप्लिफायरच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थ असेल तेव्हा वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थ तोडला असेल तर तीच वीज ऑडिओ वायरच्या जाळीवाटे माइकच्या धातूपर्यंत येते. तो माइक हातात कोण धरते? अनवाणी उभे राहून श्लोक म्हणणारे आपले सात-आठ वर्षांचे मूल. घुमण्याचा आवाज त्रासदायक असला, तरी एवढा महाग नाही.

घुमणे घालवण्याचे सुरक्षित मार्ग आहेत. सर्व ध्वनियंत्रे एकाच पट्टीवरून, एकाच सॉकेटमधून चालवा; बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते. रोषणाईच्या माळा वेगळ्या लाइनवर घ्या. तरी घुमले तर ऑडिओ वायरीत एक-एक प्रमाणाचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो सिग्नल चुंबकातून पलीकडे देतो, तांब्याची सलग वाट ठेवत नाही, त्यामुळे कडे तुटते आणि प्लगचा अर्थ शाबूत राहतो. मंडपाच्या मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्या. या दोन वस्तूंचा खर्च कार्यकारिणीने मंजूर करावा, अशी आमची या सभेत जाहीर विनंती आहे. सजावटीतून तेवढे पैसे कमी झाले तरी बाप्पा रागावणार नाहीत.

शेवटचा मुद्दा शेजाऱ्यांचा. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आपल्या गल्लीत मराठी घरांइतकीच गुजराती घरे आहेत. ती मंडळी आपल्या आरतीला येतात, आपण त्यांच्या गरब्याला जातो. परीक्षा असलेले मूल आणि दुखणेकरी म्हातारा दोन्हीकडे असतात.

आवाज का वाढवावा लागतो, याचा आम्ही गेली काही वर्षे मंडपात फिरून विचार केला. बहुतेक वेळा तो कमी असतो म्हणून वाढवत नाहीत. शब्द कळत नाहीत म्हणून वाढवतात. मागून हात वर होतो, साउंडवाला बटण फिरवतो, पुढच्या रांगेतले कानावर हात ठेवतात आणि मागच्यांना तरीही शब्द कळत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून पुढे दोन अजस्र स्पीकर ठेवण्यापेक्षा मंडपाच्या बाजूंनी चार-सहा लहान स्पीकर ठेवा, सर्वांना तोच एक स्वच्छ मोनो सिग्नल द्या आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवा. त्यांची तोंडे आत, माणसांकडे असू द्या. मंडप फारच लांब असेल तर मागच्या स्पीकरांना थोडा विलंब द्यावा लागतो, कारण पस्तीस मीटर यायला आवाजाला एक दशांश सेकंद लागतो आणि शब्द दोनदा ऐकू येतो. आपल्या मंडपाला त्याची गरज नाही.

या सगळ्याचा खर्च किती? डबीचे रेझिस्टर, जॅक आणि पत्रा धरून एका आरतीच्या प्रसादापेक्षा कमी. येत्या रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आम्ही अशा चार डब्या बनवणार आहोत. आठवीच्या पुढच्या मुलामुलींनी जरूर यावे. सोल्डर कसे करायचे ते शिकवू. ज्याच्या हातून डबी होईल त्याचे नाव तिच्यावर लिहू, आणि उत्सवाचे दहा दिवस ती सांभाळण्याची जबाबदारीही त्याचीच राहील. त्याच वेळी सर्व वायरी तपासून उलट्या वायरींवर लाल पट्टी लावू आणि ज्या प्लगांच्या पिना पूर्वी कोणी तोडल्या असतील ते प्लग बदलू.

एवढे झाले की कीर्तनाच्या रात्री मागच्या खुर्चीवर बसलेल्या आजींना बुवांचा शब्द कळेल, डावीकडच्या भगिनींना पेटी आणि उजवीकडच्यांना तबला मिळेल, आणि पलीकडच्या घरात मूल झोपलेले असेल. 

गणपती बाप्पा मोरया!